आजोबांची पद्मिनी ठेवू का पिकअप घेऊ? मदत हवी आहे

मंडळी, देवगडला आमच्या मांगरात (शेतावरच्या शेडमध्ये) आजोबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी कार उभी आहे, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, कार्बोरेटर साफ केला की अजून सुरू होते पण खाऱ्या वाऱ्याने खालचा पत्रा पार खाल्लाय, परवा मॅट उचललं तर थेट जमीन दिसली! आता आंब्याच्या सीझनला बोलेरो पिकअप बघतोय, टनभर माल आरामात जातो, पद्मिनीच्या डिकीत चार पेट्या कशाबशा. पण जागा एकाच गाडीची आणि आई विकू देत नाही. व्हिंटेज (जुनी, जपलेली गाडी म्हणून) नोंदणीला गाडी ५० वर्षांची व्हावी लागते, म्हणजे तोवर थांबायचं. कणकवली-रत्नागिरीकडे फ्लोअरचा पत्रा नीट वेल्ड करणारा कोणी आहे का, अंदाजे खर्च किती येईल?