२३ पोरं, त्यातले १९ म्हणतात रेडर. पकड कोण करणार?

डावा कोपरा

दिवसा पतसंस्थेत वसुली आणि संध्याकाळी साडेपाचपासून मंडळाच्या मैदानावर पोरांना कबड्डी, असं माझं १२ वर्षं चाललंय. वाळवा तालुका, एवढंच सांगतो. स्वतः डाव्या कोपऱ्यात, म्हणजे पकड करणाऱ्यांत खेळलो. डाव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत, ती तिथलीच कमाई.

जूनमध्ये नवीन पोरं घेतली. पहिल्या दिवशी विचारलं, कोण कुठं खेळणार? २३ पैकी १९ जण म्हणाले, "रेडर," म्हणजे चढाई करणारा. उरलेल्या चौघांतले दोघं गप्प, एक म्हणाला "तुम्ही सांगाल तिथं", आणि एकच बारका म्हणाला "कोपरा". तोही मोठ्या भावानं पढवून पाठवलेला.

चढाई सगळ्यांनाच आवडते, आम्हालाही आवडायची. पण आताचं प्रकरण वेगळं आहे. १४ वर्षांचा एक पोरगा आहे. पाय एवढा हलका, की बोनस (बोनस रेषेपलीकडं पाय टाकून मिळणारा जादा गुण) घेऊन परत फिरला तरी समोरच्या साखळीला पत्ता लागत नाही. पण गुण मिळाला रे मिळाला की मांडीवर थाप, मग मिशीला पीळ (मिशी अजून यायची आहे), मग कठड्यावरच्या मित्राच्या मोबाइलकडे नजर. मागच्या रविवारी गड्यानं मध्यरेषा हात-दीड हात लांब असतानाच थाप मारली. मागून उजव्या मध्यरक्षकानं कंबर धरली आणि उचलून आणला. त्यावर ह्याचं म्हणणं, "सर, व्हिडिओत थाप चांगली आलीय."

दुसरा एक प्रो-कबड्डीतल्या परदीप नरवालसारखी डुबकी मारायला गेला. समोरच्यांच्या हातांची साखळी खाली आली की मग तिच्याखालून जायचं नसतं, हे त्याला कोण सांगणार? हनुवटीला तीन टाके.

आता मुख्य दुखणं. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका स्पर्धेत आयोजकांनी प्रो-कबड्डीतला एक खेळाडू आकर्षण म्हणून आणला. नावं नकोत. फ्लेक्सवर त्याचा फोटो पुरुषभर, संघांची नावं मुंगीएवढी. नऊला येणार होता, पावणेबाराला आला. तोवर अंतिम सामना थांबवून ठेवलेला. पोरांनी दोनदा अंग गरम केलं आणि दोनदा गार झाली. साहेब उतरले, रात्री गॉगल, सेल्फी, दोन मिनिटं भाषण, निघाले. अर्धं पब्लिक गाडीमागं गेलं. उरलेल्या अर्ध्यासमोर आम्ही फायनल खेळलो. पहिल्या पाच मिनिटांत आमच्या कर्णधाराच्या पोटरीत गोळा आला.

तर विचारायचंय ते असं. ही मोठी नावं खेळ मोठा करतात, की स्वतःला? आणि व्यवहाराचं बोलायचं तर, ह्या १९ जणांना पकडीकडं वळवू कसं?

गच्चीवरचा प्रेक्षक

कोपरा साहेब, मी पुण्याचा, खेळलो कधीच नाही, बघतो मात्र सगळं. तुमच्या पोरांना प्रो-कबड्डीच्या दहाव्या मोसमाचा हिशोब फळ्यावर मांडून दाखवा.

त्या लिलावात तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. एका संघाची थैली होती ५ कोटींची. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एका माणसावर, आणि उरलेल्यात किमान सतरा जण उभे करायचे. पवन वाईट खेळला का? अजिबात नाही. तो गुण आणत होता आणि मागं घर उघडं होतं. तो बाद होऊन बाहेर बसला की टायटन्सवर लोण (अख्खा संघ बाद) बसलाच म्हणून समजा. मोसम संपला तेव्हा संघ गुणतक्त्यात तळाला.

त्याच मोसमात आपली पुणेरी पलटण जिंकली. १ मार्च २०२४, हैदराबाद, हरियाणा स्टीलर्सवर २८-२५. कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्यातला. सोबत मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. ह्यातल्या कुणाच्या एकट्याच्या नावावर तिकिटं खपली नसती. एक आटला की दुसरा जायचा.

आधीच्या मोसमातली गंमत तर अजून भारी. तमिळ थलायवाजनं पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. सगळे म्हणाले संपला संघ. तर तो संघ उपांत्य फेरीपर्यंत आला! नरेंदर आणि आपला अजिंक्य पवार ह्यांनी ओढून नेला. तिथं पलटणनं त्यांना ३९-३७ असं कसंबसं थोपवलं. त्या रात्री मी गच्चीवर मोबाइल घेऊन उभा होतो, घरात नेट चालत नव्हतं. आयडीमागची कथा ही एवढीच.

एक गोष्ट लपवत नाही. विजेत्या पलटणमध्ये २ कोटी ३५ लाखांचा मोहम्मदरेझा शादलू होताच. पण तो कोण? इराणी बचावपटू. कुठं खेळतो? तुमच्या डाव्या कोपऱ्यात.

चंदगडी वारं

प्रेक्षक साहेब, हिशोब बरोबर आहे, पण गच्चीवरून गाव दिसत नाही.

सिद्धार्थ देसाई आमच्या तालुक्यातला, हुंदळेवाडीचा. २०१८ मध्ये यू मुंबानं त्याला ३६ लाखांच्या आसपास घेतलं. त्याच मोसमात पठ्ठ्यानं चढाईचे २१८ गुण काढले. पुढच्या वर्षी टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले. बेळगावच्या बाजारात जाऊन चंदगड कुठं आलं हे समजावून सांगावं लागायचं, तिथं लोक म्हणायला लागले, "अच्छा, बाहुबलीचं गाव?" (सिद्धार्थला बाहुबली म्हणतात.)

त्याआधी आमच्याकडं कबड्डी म्हणजे काय होतं? जत्रेतली स्पर्धा, ढाल, आणि नशीब असलं तर पोलीस नाहीतर रेल्वेत भरती. माझा बाप म्हणायचा, गुडघे फोडून घ्यायचे तर निदान शेतात फोड. तोच बाप आता नातवाला मोटारसायकलवर बसवून मॅटवर सोडतो. शेजारच्या गावात मॅट आली ती लोकवर्गणीतून, आणि वर्गणी मागताना पहिलं वाक्य सिद्धार्थचं असायचं. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. तिथून नऊ वर्षांत अडीच कोटींच्या वर. हे आकडे पोरांच्या आयांना पण पाठ आहेत.

तेव्हा थाप मारतोय तर मारू द्या हो. मध्यरेषा ओलांडून मारायला शिकवा, म्हणजे झालं. थापेच्या ओढीनं तो रोज साडेपाचला येतोय. नाहीतर त्या वेळी कुठं असता, सांगू का?

गॉगलवाल्याचं मात्र चुकलंच. पण त्याच्यापेक्षा आयोजकांचं जास्त. सामना तुम्ही थांबवलात, त्यानं नाही.

फुकटचा पंच

जिल्हा पातळीवर शिट्टी वाजवतो. भत्ता मिळतो तो पेट्रोलला पुरत नाही, म्हणून हे नाव.

वृत्तीचं म्हणाल तर मला थापेचा त्रास नाही, वादाचा आहे. २०२३ चा आशियाई खेळांचा अंतिम सामना आठवा, हांगझोऊ, भारत-इराण, २८-२८. पवन कुणाला न शिवता लॉबीत (मैदानाच्या कडेच्या पट्टीत) गेला, त्याच्यामागं इराणचे गडी गेले, आणि जुना नियम लावायचा की नवा ह्यावर तासभर खेळ बंद. शेवटी आपण ३३-२९ जिंकलो. पण त्या आठवड्यापासून आमच्याकडं पंधरा वर्षांखालच्या सामन्यातही पोरं मैदानात फतकल मारून बसायला लागली. "रिव्ह्यू घ्या." कशाचा रिव्ह्यू? इथं कॅमेरा नाही, चुन्याची रेष पण मी सकाळी स्वतः मारलीय!

उलट अनुप कुमार आठवा. यू मुंबाचा कर्णधार, पहिल्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. बोनस रेषेपलीकडं तळपाय टेकवायचा, जरासं हसायचा, परत फिरायचा. पंचाकडं बोट दाखवून आरडाओरडा करताना मी त्याला टीव्हीवर कधी पाहिला नाही. त्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडची पोरंसुद्धा बोनस घेऊन हसायची. पोरं सगळंच उचलतात, साहेब. हसणंही आणि बसणंही.

लेकीची शिदोरी

मी नाशिकची. लेक १६ वर्षांची, उजवी मध्यरक्षक. तुमच्या सगळ्यांच्या चर्चेत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, की हे सगळं मुलांबद्दल चाललंय.

मुलींना कुणाची नक्कल करायची? २०१६ मध्ये प्रो-कबड्डीसोबत महिलांची स्पर्धा झाली होती, तीन संघांची. अभिलाषा म्हात्रे, तेजस्विनी बाई, ममता पुजारी, तिघी तीन संघांच्या कर्णधार. अंतिम सामना २४-२३, एका गुणानं सुटला! माझी लेक तेव्हा लहान होती, सोफ्यावर उभी राहून ओरडत होती. पुढच्या वर्षी ती विचारत राहिली, कधी आहे, कधी आहे. नव्हतीच.

आणि आमच्या नाशिकच्या शैलजा जैन. २०१८ ला त्या इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या आणि जकार्तातल्या आशियाई खेळांत त्यांच्या संघानं अंतिम सामन्यात भारताला हरवलं, २७-२४. किती मराठी घरांत हे नाव माहीत आहे? लेकीच्या शाळेत मी विचारून पाहिलं होतं. क्रीडाशिक्षकांना सुद्धा नाव आठवायला वेळ लागला.

प्रसिद्धीनं पोरं बिघडतात म्हणता ना दादा, थोडी आमच्याकडं पाठवा. बिघडलेलं चालेल.

बाकी तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या लेकीला शिकवणाऱ्या ताईंकडून ऐकलेलं देते. त्या आठवड्यातून एक दिवस चढाईचे गुण मोजतच नाहीत. पकड झाली तर दोन, तिघींनी मिळून केली तर तीन, चढाईचा शून्य. पहिल्या दिवशी मुली रडकुंडीला आल्या होत्या म्हणे.

डावा कोपरा

सगळ्यांचं वाचलं. चंदगडी भाऊ, आयोजकांबद्दल बोललात ते लागलं, कारण त्या समितीत मीही होतो. तेव्हा तोंड उघडलं नाही, ते इथं लिहून मोकळा होतोय.

प्रेक्षक साहेबांचा हिशोब फळ्यावर मांडला. पोरांनी टायटन्सचं काही मनावर घेतलं नाही, शादलूचे २ कोटी ३५ लाख मात्र एकदम लक्षात राहिले. "सर, म्हणजे कोपऱ्यालाही पैसे आहेत?" आता ह्याला काय म्हणावं! मग फझल अत्राचलीचंही सांगितलं. तोही डावा कोपरा, २०१८ ला यू मुंबानं पूर्ण १ कोटीला घेतलेला, आणि त्याच वर्षी आशियाई खेळांच्या उपांत्य फेरीत त्याच्याच इराणनं आपल्या नामवंत चढाईपटूंना २७-१८ असं घरी पाठवलं. वर्षानुवर्षं आपल्याच लीगमध्ये आपल्याच लोकांचे पाय धरून शिकला तो. एकानं विचारलं, मग परदीप कुठं गेला? लीगमध्ये चढाईचे १८०१ गुण काढलेला माणूस २०२५ च्या लिलावात कुणी घेतला नाही आणि त्यानं निवृत्ती घेतली, हे सांगितल्यावर हनुवटीला टाके पडलेला पोरगा बराच वेळ माती उकरत बसला.

ताई, तुमच्या ताईंचा नियम गुरुवारी लावला. आमच्याकडं कुणी रडलं नाही, पण सहा जण "पोटात दुखतंय" म्हणून कठड्यावर बसले. थापवाला बसला नाही. त्याला मुद्दाम डाव्या कोपऱ्यात उभा केला. पहिल्या तीन चढायांत तीनदा बाद, कारण हा चढाईपटूच्या डोळ्यांकडं बघत होता. म्हटलं, डोळे फसवतात रे, पायाकडं बघ, टाच उचलली की समज तो वळणार. चौथ्या चढाईला सूर मारला आणि घोटा हातात आला. दुसरा हात सुटला, पण मध्यरक्षक धावून आला आणि दोघांनी मिळून आडवा केला.

उठला, अंगाला माती, उजवा हात मांडीकडं निघाला होता. मग मध्यरक्षकाकडं बघितलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. एवढ्या जोरात मारली की तो बिचारा खोकत बसला.

शनिवारी मुलींचा सरावही आमच्याच मैदानावर सुरू करायचं घाटतंय. दिवे लावायचे आहेत, वायरमनची वाट बघतोय.