अनुभव धागा: कॅलिफोर्नियात आईबाबांना कुठे कुठे नेलंत?

मृद्गंधा
सकाळी आईचा फोन आला. शेजारच्या काकू पहिल्यांदाच लेकीकडे सॅन होजेला निघाल्यात आणि आई त्यांना बजावत होती, "योसेमिटी नॅशनल पार्क अजिबात सोडू नका." ते ऐकलं आणि बाबांबरोबरचा तो मे महिना डोळ्यांपुढे आला. बोगद्यातून गाडी बाहेर पडते आणि सगळं एकदम समोर येतं. डावीकडे एल कॅपिटनचा कडा, उजवीकडे ब्रायडलव्हेल धबधबा, मध्ये लांबवर हाफ डोमचा डोंगर. बाबा आयुष्यभर सह्याद्रीत हिंडलेले, कोकणकडा कितीदा पाहिलेले. कठड्याला हात टेकून उभे राहिले ते बोलेचनात. मग म्हणाले, "हा अख्खा एकच दगड?" आपल्याकडच्या कड्यांत लाव्हाचे थर मोजता येतात, ते थरच शोधत होते ते. इथे तीन हजार फूट सलग ग्रॅनाइट. बाबा आता नाहीत, पण त्यांचा तो चेहरा मला लख्ख आठवतो.
तुम्ही आपल्या माणसांना कुठे नेलंत, त्यांना काय आवडलं, लिहा ना. काकूंना वाचायला पाठवते.

चिंचबोरं
मृ, डोळे भरून आले गं.
काकूंना सांग, धबधबे बघायचे तर मे-जूनच. ऑगस्टात योसेमिटी फॉल्स बहुतेक वेळा कोरडा ठणठणीत असतो. २,४२५ फुटांचा धबधबा, पण वितळलेल्या बर्फावर चालतो. इथे उन्हाळ्यात पाऊस नसतो हे आपल्या लोकांच्या पटकन लक्षात येत नाही, त्यांच्या डोक्यात धबधबा म्हणजे ऑगस्ट.

वऱ्हाडी_ठेचा
डेथ व्हॅलीचं वाळवंट!! पण हिवाळ्यात, हे आधीच सांगतो. सासरे अकोल्याचे, उन्हाचं कौतुक आम्हाला सांगू नका म्हणणारे. १९१३ च्या जुलैत तिथे ५६.७ अंश नोंदलंय हे कळल्यावर म्हणाले, "आमच्या अकोल्याले मागं टाकलं बुवा यानं." तिथल्या बॅडवॉटर नावाच्या मिठाच्या मैदानात समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली उभे असतो आपण. मागच्या कड्यावर मान वर करून बघितलं की एक पांढरी पाटी दिसते, समुद्राची पातळी तिथे! सासऱ्यांनी खाली बसून मिठाच्या कडा बोटाने चाचपल्या, सासूबाईंनी जिभेला लावून पाहिलं.
आणि माउंट व्हिटनी शिखर, १४,५०५ फूट उंच, इथून सरळ रेषेत शंभर मैलांच्या आत. कसलं राज्य आहे हे!

पोहेवाली
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. जेवणाचं कुणी बोलतच नाहीये! योसेमिटीत रात्री गाडीत खायचं काही ठेवायचं नाही, अस्वलं वासाने दार उचकटतात. लोखंडी कपाटं असतात त्यात सगळं बंद करायचं. सासूबाईंचे बेसनाचे लाडू, लसणीची चटणी, दशम्या, सगळं कपाटात. त्या रात्री दोनदा उठून खिडकीतून कपाटाकडे बघत होत्या.

चिंचबोरं
@पोहेवाली लसणीच्या चटणीच्या वासाने अस्वलच पळालं असेल 😂

पोहेवाली
आमच्या चटणीला नावं ठेवायची नाहीत! खोबरं घालून केलेली होती.

नाणेघाट
आजींना सिक्वोया नॅशनल पार्कात नेलं होतं. जनरल शर्मन झाड, खोडाच्या आकारमानात जगात सगळ्यात मोठं, वय साधारण २,२०० वर्षं. म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचं राज्य, नाणेघाटातून माल चढतोय, आणि इकडे हे झाड वाढतंय. आजींनी कुंपणाबाहेरूनच पदर खांद्यावर घेऊन नमस्कार केला. खोडावर काळे डाग बघून "कुणी जाळलं?" म्हणून अस्वस्थ झाल्या. मग तिथल्या रेंजरबाईंनी समजावलं की या झाडांचे शंकू आगीच्या धगीने उघडतात, बी मोकळ्या राखेत पडतं, तेव्हा रोप धरतं. जाड साल आतलं झाड वाचवते. पण हल्लीचे वणवे इतके भयंकर असतात की मोठी झाडंही जातात. २०२१ च्या वणव्यात शर्मनच्या बुंध्याला चंदेरी आवरण गुंडाळलं होतं, तो फोटो आजींनी मुंबईत पेपरात पाहिला आणि लगेच फोन केला, "माझं झाड ठीक आहे ना?"
गुडघे दुखत असतील तर: वरच्या पार्किंगपासून अर्धा मैल उतार आहे, येताना तोच चढ. खाली जवळ बसचा थांबा आहे, तो विचारून घ्या.

मृद्गंधा
"माझं झाड"... किती गोड आजी.

रानवारा
सगळे सिएरा नेवाडाच्या डोंगररांगेच्या अलीकडेच का थांबता? ३९५ नंबरच्या रस्त्याने पलीकडच्या बाजूला जा. मोनो लेकला पाण्यातून वर आलेले चुनखडीचे सुळके आहेत, ते मुळात पाण्याखाली तयार झाले. १९४१ पासून लॉस एंजेलिसने तळ्याला मिळणारे ओढे वळवले, पातळी घसरली आणि ते उघडे पडले. लोक भांडले, १९९४ मध्ये निकाल लागला आणि ओढ्यांना पाणी सोडावं लागलं. माझे वडील पाटबंधारे खात्यातले. तळं सोडून माहितीफलकापाशीच उभे!
त्याच रस्त्यावर मँझनार. दुसऱ्या महायुद्धात दहा हजारांवर जपानी वंशाच्या लोकांना इथे तारेच्या कुंपणात डांबलं होतं, त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. दफनभूमीत जपानी अक्षरांचा एक पांढरा स्तंभ आहे, त्याला लोकांनी कागदी बगळ्यांच्या माळा बांधलेल्या. आईने विचारलं, "लहान मुलं पण होती?" होती. पाहुण्यांना कशाला दुःखाच्या जागा, असं काही जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही.

तळेगावकर
+१ रानवारा. आणि सॅन फ्रान्सिस्कोत ५, वूड स्ट्रीट. गदर स्मारक, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या इथल्या भारतीयांच्या गदर चळवळीचं. गोल्डन गेट पूल सगळेच दाखवतात, इथे कुणी जात नाही. १ नोव्हेंबर १९१३ ला याच शहरातून त्यांच्या 'गदर' वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या चळवळीत होते, पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नाव काढलं. आणि आमच्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे! अमेरिकेतून परतले, पकडले गेले, १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी. आजोबांनी फुटपाथवर उभं राहून माझ्या मुलांना हे सगळं सांगितलं, मुलं हलली नाहीत जागची. स्मारक उघडं असतं का ते आधी विचारून जा.

सागरगोटा
हे माहीतच नव्हतं! येत्या शनिवारी जाते.
आमच्याकडे पाहुणे हायवे वनवर, समुद्राकडेच्या रस्त्यावर खूश. सॅन सिमियनजवळ एलिफंट सील किनाऱ्यावर पसरलेले असतात, जानेवारीत पिल्लं असतात. फुकट! फक्त दरड कोसळून तो रस्ता अधूनमधून बंद पडतो, निघण्याआधी बघा. वळणं फार आहेत, आलेपाक जवळ ठेवा.

पोहेवाली
आलेपाक घरी करता का? कृती टाका.

सागरगोटा
@पोहेवाली संध्याकाळी टाकते, आत्ता मुलाला पोहायला सोडायचंय.

दूर्वा_
आई जूनच्या पहिल्या आठवड्यात येतेय. तोवर योसेमिटीतून मोनो लेककडे जाणारा टायोगा पासचा घाट उघडेल का? ते तळं करायचंच आता.

रानवारा
@दूर्वा_ बर्फ किती पडला त्यावर आहे. ९,९४३ फूट उंच आहे तो, कधी मे अखेरीस उघडतो, बर्फाच्या वर्षी जुलै उजाडतो. पार्कवाले कळवतात. उंचीवर तुमच्या आईंना धाप लागली तर सावकाश घ्या.

दूर्वा_
धन्यवाद! स्वेटर आणायला सांगते.

चिंचबोरं
कानटोपी पण.