मदत हवी: पावसाळ्यात रायफलचा ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) खाली-वर पसरतो. दोष बेडिंगचा (धातूचा भाग लाकडी स्टॉकमध्ये बसवण्याचा) की बॅरलचा (नळीचा)?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळालं, तेव्हापासून माझ्या मुलीने .२२ रायफलचा ध्यास घेतलाय. सध्या ती प्रोन (पालथं झोपून नेमबाजी) खेळते. एका ज्येष्ठ नेमबाजांकडून जुनी मॅच रायफल घेतली, परवान्यावर रीतसर नोंद करून. स्टॉक अक्रोडाचा. बॅरल त्यांनी मध्यंतरी बदलून घेतलेलं.

हिवाळ्यात रायफल सुरेख चालते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, चांगल्या लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) गोळ्या जवळपास त्यातच बसतात. नवतपा सरून पाऊस लागला की लॉट तोच, मुलगी तीच, पण ग्रुप उभा पसरतो आणि झीरोही (जुळवून ठेवलेला नेम) सरकतो. रेस्टवर (टेकूवर) ठेवून मारलं तरी तेच, म्हणजे दोष पोरीच्या हाताचा नाही.

बॅरल आणि फोरएंडच्या (स्टॉकच्या पुढच्या भागाच्या) फटीतून कागदाचा कपटा सरकवून पाहिला. पुढून मोकळा जातो, पण रिसीव्हरच्या (बॅरल ज्यात बसतं त्या धातूच्या भागाच्या) अलीकडे डाव्या अंगाला अडकतो. तिथलं लाकूड घासून चकाकतंय. एका दुकानात दाखवली, तर त्यांनी न तपासताच "बॅरल गेलं, बदला" म्हणून सांगितलं. एवढा खर्च करण्याआधी खात्री कशी करू? यंदाचा तिचा हंगाम वाया जाऊ द्यायचा नाहीये.

प्रतिसाद १
दादा, बॅरल बदलायची घाई अजिबात करू नका. बॅरल आणि रिसीव्हरचा जोड धातूचा, तो पावसाने ढिला होत नाही. ऋतूप्रमाणे बदलतं ते लाकूड. दमट हवेत ते आडवं फुगतं आणि बॅरलला टेकतं. मग गोळी सुटताना बॅरलची थरथर दर वेळी सारखी होत नाही. रायफल कूलरच्या खोलीत ठेवता का? आपल्याकडे हे फार होतं. बाहेर कोरडी भट्टी, आत ओल.

एक तपासणी करा. आधी रायफल रिकामी आहे याची खात्री, बोल्ट बाहेर. फोरएंडच्या टोकाशी बोट असं ठेवा की अर्धं बॅरलवर, अर्धं लाकडावर येईल. पुढचा ॲक्शन स्क्रू (ॲक्शन म्हणजे रिसीव्हर-बोल्टचा भाग, तो स्टॉकला धरणारा) हळूहळू ढिला करा. बॅरल उसळल्याचं बोटाला जाणवलं तर ॲक्शन ताणात बसलीय, दोष बेडिंगचा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण उभा पसारा गोळ्यांच्या वेगातल्या फरकानेही येतो. बॅरल नीट बसवलं नसेल आणि हेडस्पेस (बोल्ट आणि बॅरल यांच्यात काडतुसाच्या कडेसाठीची जागा) सैल असेल, तर रिमवर (काडतुसाच्या त्या कडेवर) पिनचा ठोका सारखा पडत नाही आणि वेग कमी-जास्त होतो. फक्त तो दोष हिवाळ्यातही दिसला असता. क्राउनला (बॅरलच्या तोंडाच्या कडेला) टवका गेलाय का, तेही भिंगातून बघून घ्या.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. रायफलची पेटी कूलरच्या खोलीतच होती, आता हलवली. स्क्रू ढिला करताना बॅरल स्पष्ट उसळलं. क्राउन स्वच्छ आहे. आता पिलर (स्क्रूभोवती धातूच्या नळ्या) बसवून इपॉक्सी बेडिंग करून घ्यायचं ठरवलंय. रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू नये म्हणून लावायचा थर) नीट लागला नाही तर ॲक्शन स्टॉकमध्ये कायमची चिकटते असं वाचलं, त्यामुळे घरी करणार नाही. विदर्भात हे काम हाताखालून गेलेला परवानाधारक गनस्मिथ कुणाला माहीत असेल तर व्यनि करा. लाकूड आधी किती दिवस कोरड्या जागी ठेवावं, तेही सांगा.