बोकड निवडताना त्याच्या कमरेवर हात ठेवून बघा
बोअर (मटणासाठी वाढवलेली दक्षिण आफ्रिकेची जात) बोकड लावला की करडांचं वजन वाढतं आणि मग भाव आपोआप मिळतो, असं बरेच भाऊ म्हणतात. वजन वाढतं हे खरंच, पण काट्यावरचं वजन म्हणजे मटण नव्हे. मागच्या वर्षी चाळीसगावकडे आमचे दोन बोकड एकाच दिवशी कापले. दोन्ही 32 किलोचे, रात्रभर उपाशी ठेवलेले. एकाचं सोललेलं धड 13.5 किलो भरलं, दुसऱ्याचं 15.5. पहिल्याचा कोथळा काढला तेव्हा आतड्यांवरचा पडदा आणि गुर्दे चरबीने झाकलेले होते. त्याला मी शेवटचे दोन महिने सरकी पेंड आणि मका हात सैल सोडून घातला होता. शेळी मेंढीसारखी कातडीखाली चरबी धरत नाही, आधी पोटात साठवते. खाटकाने ती सगळी बाजूला काढली, पैसे मात्र माझे गेले होते.

तेव्हापासून पैदाशीचा बोकड घेताना मी शेवटच्या बरगडीमागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना चार बोटं दाबून बघतो. तिथे मांस भरीव लागलं पाहिजे. मग मागून मांडी बघायची, आतल्या बाजूने खालपर्यंत भरलेली हवी. ही ठेवण बापाकडून करडांत उतरते, पेंडीने येत नाही. आणि गावठी पाट (शेळी) मोडून सगळा कळप बोअर करू नका. जुळी देणारी, दादर ज्वारीच्या कडब्यावर आणि बांधावरच्या पाल्यावर निभावणारी आपलीच पाट, वर फक्त बोकड बाहेरचा. तोही दोन वर्षांनी बदला, नाहीतर त्याच्याच लेकी त्याला लागतात.