वजन उतरवायचं तर हिशेब कॅलरीचा की ताटाचा?

हिशेबनीस

घरात महिनाभर चाललेला वाद इथे आणून टाकतोय, म्हणजे घरी जरा शांतता होईल. बायको म्हणते, बिस्किटं-फरसाण बंद करा, घरचं साधं खा, वजन आपसूक उतरेल. मी पडलो बँकेतला माणूस. माझ्या मते पोटाला घरचं-बाहेरचं काही कळत नाही. जमा जास्त आणि खर्च कमी असेल तर शिल्लक कमरेवर दिसणारच.

पुरावा घरचाच देतो. आषाढीला साबुदाण्याची खिचडी केली, तेव्हा सगळं आधी काट्यावर घेतलं. माझ्या वाटणीला आलं ते असं: साबुदाणा ७५ ग्रॅम म्हणजे २६० कॅलरी, दाण्याचं कूट ३० ग्रॅम म्हणजे १७०, तूप १५ ग्रॅम म्हणजे १३५, अर्ध्या बटाट्याचे ४०. बेरीज ६०५, दही वेगळंच. यात मैदा नाही, पॅकेट नाही, तूप घरी कढवलेलं. तरी माझ्या रोजच्या दुपारच्या जेवणाला भारी पडली, आणि याला आपण उपास म्हणतो! ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांकडे काटाही नव्हता.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. कॅन्सस स्टेट विद्यापीठात पोषणशास्त्र शिकवणारे मार्क हॉब २०१० मध्ये दहा आठवडे मुख्यतः क्रीम भरलेले केक, चिप्स आणि गोड सीरिअल खाऊन राहिले. मर्यादा एकच, दिवसाला सुमारे १८०० कॅलरी. वजन २७ पौंडांनी, म्हणजे १२ किलोंनी उतरलं. आता बोला.

मोकळी भाकर

बोलते. हॉब रोज व्हिटॅमिनची गोळी, प्रोटीन शेक आणि थोड्या भाज्याही घेत होते, ते तुम्ही गाळलंत. शिवाय स्वतः पोषणशास्त्राचा प्राध्यापक, त्यात मोजूनमापून जेमतेम दहा आठवडे. असा माणूस केकवरसुद्धा तग धरेल. माझी बहीण शाळा, दोन मुलं आणि सासऱ्यांचं पथ्य सांभाळून चाळिसाव्या आठवड्यात काय करेल, ते सांगा.

२०१९ चा केविन हॉल यांचा प्रयोग बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस जणांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, पाकिटातलं अन्न. दोन आठवडे साधं, शिजवलेलं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मीठ, चरबी, तंतू सारखे राहतील असं बघितलं. सूचना एवढीच, की हवं तेवढं खा. पाकिटातल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं, आणि साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. पाकिटातलं अन्न ती भरभर खात होती, हेही नोंदलंय. बिस्किट चहात बुडवलं की विरघळतं, भाकरी चावावी लागते. हे आम्हाला प्रयोगाआधीही माहीत होतं म्हणा.

हिशेबनीस

ताई, आभार! ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या म्हणून वजन वाढलं, म्हणजे तुमच्या प्रयोगाने माझंच म्हणणं सिद्ध केलं.

मोकळी भाकर

टाकी भरली कारण पाणी जास्त आलं, हे बरोबरच आहे हो. मी नळ कोणी सोडला ते विचारतेय.

दूरदेशी

मी कॅनडात असते, इथे प्रत्येक पाकिटावर आकडे छापलेले. पण ते येतात कुठून? पिष्ट आणि प्रथिनांना ग्रॅममागे चार, स्निग्धाला नऊ, हे गणित शंभरहून जास्त वर्षं जुनं, ॲटवॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञाचं. सरासरी म्हणून ठीक. पण २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी अख्खे बदाम लोकांना खायला घालून शरीराला मिळालेली ऊर्जा मोजली. २८ ग्रॅमला छापील आकडा सुमारे १७०, मिळाल्या १२९. बाकीची चरबी बदामाच्या पेशींत अडकून तशीच बाहेर पडते. प्रथिनं पचवायलाच त्यांच्या ऊर्जेतला २० ते ३० टक्के भाग खर्ची पडतो, तेला-तुपाच्या बाबतीत जेमतेम तीन टक्के. म्हणजे हिशेबनीस, तुमच्या वहीतले आकडेसुद्धा पदार्थ कुठला यावर ठरतात.

हिशेबनीस

बदामाचं मान्य. पण आपल्याकडे खरी गळती वेगळीच आहे. ‘मी तर काहीच खात नाही, तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांवर १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अभ्यास झाला. त्यांनी सांगितलेलं खाणं दिवसाला सुमारे हजार कॅलरींचं, प्रत्यक्षातलं दोन हजारांच्या वर. सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं, आणि ते मुद्दाम खोटं बोलत होते असंही नाही. बदामातला फरक चाळीस कॅलरींचा, सांगण्यातला हजाराचा.

आणि ते गूळवाले कुठे गेले? साखर १०० ग्रॅमला ४००, गूळ साधारण ३८०. गुळाचा चहा दिवसातून चारदा पिऊन ‘आम्ही साखर सोडली’ म्हणणारे माझ्या शेजारीच राहतात.

गोडघाशा

२०१८ साली आमच्या ऑफिसात दोन पंगती होत्या. एक डॉ. दीक्षितांची: दिवसात दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत आटपा. दुसरी ऋजुता दिवेकरांची: दर दोन तासांनी थोडं थोडं, घरचं खा. दोन्हीकडच्यांचं वजन दिवाळीपर्यंत उतरलं आणि फराळाने दोन्ही पंगती एकत्र आणल्या. मी दोन्हीकडे नाव नोंदवून होतो. म्हणजे दर दोन तासांनी पंचावन्न मिनिटं.

मोकळी भाकर

😄 पण यातच उत्तर आहे. एका पंगतीने चारचा वडापाव वेळ चुकली म्हणून सोडला, दुसरीने घरचा नाही म्हणून. मोजलं कोणीच नव्हतं.

स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांचा २०१८ चा अभ्यास असाच आहे. ६०९ माणसं, एक वर्ष, अर्ध्यांनी स्निग्ध कमी केलं, अर्ध्यांनी पिष्ट. कॅलरी मोजा असं कोणालाही सांगितलं नाही. दोन्ही गटांना भाज्या भरपूर, साखर-मैदा कमी, शक्यतो घरी शिजवलेलं, एवढंच बजावलं. सरासरी ५.३ आणि ६ किलो उतरलं, म्हणजे फरक नाहीच म्हणा. पण एकाच गटात कोणाचं वीस किलोंहून जास्त उतरलं, तर कोणाचं चक्क वाढलं.

कंपाउंडर

दोघंही वजनावरच भांडताय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक प्रसिद्ध फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण वरून बारीक, आतून लोणी! म्हणून काट्याच्या आधी कमरेला टेप लावा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, याच्या आत राहायचं. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर स्नायूही जातात. वरण पातळ आणि भात ढीगभर, हे ताट कॅलरीत बसलं तरी प्रथिनात बसत नाही. माझं मत म्हणाल तर मोजायचंच असेल तर डाळ-अंडी-दही मोजा.

आजीची फोडणी

मला अभ्यासांतलं फार कळत नाही, पण तेलाचा डबा कळतो. आम्ही चौघं. पाच लिटरचा डबा उघडला की झाकणावर मार्करने तारीख घालते. पहिला डबा सत्तावीस दिवसांत संपला. मुलीने गणित करून दिलं: लिटरला साधारण ८२०० कॅलरी, म्हणजे माणशी रोज ३८० नुसत्या तेलाच्या! दचकलेच. काय केलं सांगते. फोडणीला बाटलीतून धार सोडायची बंद, डब्यात छोटी पळी ठेवली. पोळीला वरून तेल लावणं बंद, गरम पोळी दुरडीत फडक्यात गुंडाळली की मऊ राहते. वांग्याची भाजी आधी झाकण ठेवून वाफवते, मग फोडणी. आताचा डबा एक्केचाळीस दिवस गेला, म्हणजे माणशी २५०. कोणाचा पदार्थ बंद केला नाही आणि कोणाला वही धरायला लावली नाही. फक्त सासूबाई एकदा म्हणाल्या, रश्शाला तवंग दिसत नाही हल्ली.

वैदर्भी

तवंग नाही?? नागपुरात तर्री नसलेले पोहे कोणी पुढे केले तर त्या घरी सोयरीक करत नाहीत.

दूरदेशी

आजी, डब्यावरची तारीख फार आवडली. हा कॅलरीचा हिशेब म्हणायचा की ताटाचा, मला सांगता येणार नाही.

आजीची फोडणी

तेलाचा म्हण बाई.

हिशेबनीस

आत्ता उठून आमच्या डब्यावर तारीख घालून आलो. बायको ओट्याशीच होती. म्हणाली, “लिही, लिही. आणि चार वाजता बँकेत तुम्ही मूठ-मूठ शेव खाता, ती कुठल्या डब्यातली?” वही उघडून बघितली. जूनपासूनच्या पानांत शेव कुठेच नाही.

वैदर्भी

सत्तेचाळीस टक्के, काका.