लेकीला परत भारतीय व्हायचंय, आणि जावयाचं काय? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-४०२ काकू: नमस्कार सगळ्यांना 🙏 ग्रुपवर विचारू की नको असं चाललं होतं पण विचारतेच. लेक आणि जावई कायमचे इकडे यायचं म्हणतायत. लेकीने अमेरिकेची सिटिझनशिप घेतलीय, आता तिला आपलं नागरिकत्व परत हवंय. जावई जन्माने अमेरिकन. आता लग्न झालंय म्हटल्यावर त्याला आपोआप मिळेल ना?

ए-१०३ काका: मिळतं हो काकू. सोनिया गांधींना नाही का मिळालं

सी-२०५: काका त्यांचं लग्न १९६८ चं आणि नागरिकत्व १९८३ ला. मधे १५ वर्षं गेली, आपोआप कुठे आलं

ए-१०३ काका: बरं जावयाचं राहू द्या. पण लेकीचं तरी सोपं असेल, जन्म इथला, शाळेचा दाखला इथला, ती मुळातली भारतीयच

बी-७०१ वकील ताई: काका, मनाने असेल पण कायद्याने नाही हो. नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ९ बघा, ज्या दिवशी तिने स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्याच दिवशी आपलं संपलं, कोणी ऑर्डर काढायची गरज नाही, अर्ज नाही, काही नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच. लोकांना वाटतं जुना निळा पासपोर्ट कपाटात आहे म्हणजे आपण अजून भारतीय, आणि कोणीकोणी त्यावर प्रवास पण करतात, प्लीज असं करू नका, दंड बसतो. तो पासपोर्ट कॉन्सुलेटला जमा करायचा, ते कॅन्सलचा शिक्का मारून परत देतात आणि सोबत सरेंडर सर्टिफिकेट देतात. तो कागद जपून ठेवायचा, पुढे सगळीकडे लागतो. काकू, तिच्याकडे आहे का?

बी-४०२ काकू: हो ते केलंय तिने, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना इथे मोकळेपणी येऊन राहता यावं म्हणून मिळतं ते) काढताना मागितलं होतं म्हणे

बी-७०१ वकील ताई: छान, मग अर्धं काम झालं. आता परत मिळवण्याचं. जो आधी स्वतंत्र भारताचा नागरिक होता, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी कोणी एक होतं, त्याच्यासाठी कलम ५(१)(एफ) आहे, त्यात अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने भारतात राहिलेलं पाहिजे. आणि हे १२ महिने म्हणजे खरंच सलग हं काकू. ओसीआय असलं की येणंजाणं मोकळं असतं, त्यामुळे माणूस सहज म्हणतो नाताळला जरा तिकडे जाऊन येऊ, आणि तिथेच घोळ होतो. खास कारण असेल तर सरकार जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देऊ शकतं, पण ती त्यांच्या मर्जीवर, हक्क म्हणून नाही. तिला आत्ताच सांगा, तिकडचं घर विकणं, बँकेची कामं, जे काय असेल ते आधी उरकून ये, मग इथे वर्ष मोजायला सुरुवात कर.

सी-२०५: आणि वर्ष झालं की मिळतंच?

बी-७०१ वकील ताई: नाही. ज्याचं नागरिकत्व एकदा गेलंय त्याची परत नोंदणी केंद्र सरकारच्या आदेशाशिवाय होत नाही, कायद्यात स्पष्ट लिहिलंय. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कलेक्टर ऑफिस, चौकशी, राज्य सरकार आणि शेवटी दिल्लीला गृह मंत्रालय. वेळ लागतो. आणि एक गोष्ट मी अगदी हात जोडून सांगते, दिल्लीहून मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत अमेरिकेचं नागरिकत्व सोडायचं नाही. अर्जात फक्त मंजूर झाल्यावर सोडेन असं लिहून द्यायचं असतं. आधीच सोडलं आणि इकडे अडकलं तर माणूस कुठल्याच देशाचा राहत नाही, ना पासपोर्ट ना काही. मंजुरी आली, तिकडचं सोडलं, त्याचा पुरावा दिला, की मग निष्ठेची शपथ आणि सर्टिफिकेट.

ए-१०३ काका: अक्षय कुमारला मिळालं ना असंच, १५ ऑगस्टला टाकलं होतं त्याने

सी-२०५: हो २०२३ ला. कॅनडाचं होतं त्याच्याकडे

बी-४०२ काकू: ताई आणि जावई?

बी-७०१ वकील ताई: त्याचं सांगते. त्याने आधी ओसीआय घ्यावं. भारतीयाचा किंवा ओसीआयवाल्याचा जोडीदार असेल, लग्न रजिस्टर झालेलं असेल आणि सलग २ वर्षं टिकलेलं असेल तर मिळतं. फक्त त्याचे पणजीपणजोबा, आजीआजोबा, आईवडील किंवा तो स्वतः कधी पाकिस्तान बांगलादेशचे नागरिक नसावेत. पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि मला यातलं सगळ्यात खुपतं ते हे की घटस्फोट झाला तर जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड रद्द होऊ शकतं. इथे आयुष्य उभं केलेल्या माणसाने मग जायचं कुठे? म्हणून ज्याला इथेच राहायचंय त्याने पुढे नागरिकत्वाचा विचार करावा असं माझं प्रामाणिक मत.
लग्नाच्या मार्गाने म्हणजे कलम ५(१)(सी), त्यात ७ वर्षं भारतात वास्तव्य, शेवटचे १२ महिने सलग आणि त्याआधीच्या ८ वर्षांत मिळून ६ वर्षं. शिवाय अर्जाच्या वेळी बायको भारतीय नागरिक पाहिजे, नुसती ओसीआय चालत नाही. म्हणजे आधी लेकीचं होऊ द्या. दुसरा रस्ता म्हणजे ओसीआय होऊन ५ वर्षं आणि शेवटचे १२ महिने इथे. त्यामुळे त्याचं कार्ड जितकं लवकर निघेल तितकं बरं, ५ वर्षं तिथून मोजली जातात.

डी-६०१: ताई मधेच विचारतो, भाऊ आणि वहिनी तिकडचे नागरिक झाले तेव्हा पुतण्या लहान होता. १८ पूर्ण झाले की वर्षभरात डिक्लेरेशन दिलं की भारतीय होतो असं ऐकलंय

बी-७०१ वकील ताई: दादा ते कलम ८(२). आईवडिलांनी कलम ८ खाली डिक्लेरेशन देऊन नागरिकत्व सोडलं असेल तरच. दुसरा देश स्वीकारल्यामुळे आपोआप गेलं असेल तर ते लागू नाही, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ ला हेच सांगितलं. पुतण्याला तो वरचा १२ महिन्यांचा रस्ता मोकळा आहे, आईवडील आधी भारतीय होते ना.

डी-६०१: बरं झालं विचारलं, भाऊ त्याच भरवशावर बसलाय 🙏

सी-२०५: आमची ताई तिकडे नोकरीला आहे पण पासपोर्ट भारताचाच, तिचं काही जात नाही ना?

बी-७०१ वकील ताई: काही नाही. कितीही वर्षं राहिली, ग्रीन कार्ड घेतलं, परदेशी माणसाशी लग्न केलं तरी नुसत्या त्याने जात नाही. फॉर्म ६ए भरून मतदार यादीत नाव पण घालता येतं तिला, मतदानाला मात्र स्वतः यावं लागतं.

बी-४०२ काकू: ताई आत्ता लगेच काय करू ते सांगा

बी-७०१ वकील ताई: लग्न तिकडे झालंय ना? मग मॅरेज सर्टिफिकेटला तिथलंच अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला, लागेल, इथे येऊन ते होत नाही. आणि ते सर्टिफिकेट, जुना पासपोर्ट, सरेंडरचा कागद हे तिघं हँडबॅगेत, कंटेनरमधे नको.

बी-४०२ काकू: अगंबाई, पॅकर्स शुक्रवारी येतायत तिच्याकडे. तिकडे आत्ता रात्र आहे पण उठवतेच तिला.