मदत हवी आहे: व्हीलचेअर घेऊन पुण्याहून सिंगापूर
नमस्कार मंडळी, मी कोथरूडला राहतो. मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखाली पॅरालिसिस आहे, पण जग बघायची हौस तसूभरही कमी झालेली नाही. डिसेंबरात बायकोबरोबर सिंगापूरला जायचं ठरलंय. तिथल्या एमआरटी (मेट्रो) स्टेशनांवर लिफ्ट असते, म्हणून पहिला परदेश तोच.

माझ्या फोल्डिंग खुर्चीची लिथियम बॅटरी निघते, ३०० वॅट-अवरच्या आतली आहे. ती केबिनमध्ये न्यायला लोहगाव विमानतळावर कोणते कागद मागतात? खुर्ची विमानाच्या दारातच परत मिळते का? मागच्या प्रवासात ती थेट बेल्टवर आली, फूटरेस्ट वाकलेला! आणि सीटवर स्वतःची जेलची उशी घालू देतात का? बेडसोअर (एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम) झाला की महिनोन्‌महिने अंथरुणात काढावे लागतात, खरी धास्ती त्याचीच आहे.

कुणी स्वतः जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.